दहावी पास

सुकरीने वाल वाळत घालायला अंगणात जो फ्लेक्स अंथरला होता, त्यावर तिच्याच पोरीचं तोंड होतं. डोक्यावर काळी चौकोनी टोपी, हातात गुंडाळलेला कागद आणि खाली मोठाल्या अक्षरांच्या तीन ओळी. सुकरीला वाचता येत नव्हतं, पण पाड्यावरच्या पोरासोरांनी त्या ओळी इतक्यांदा मोठ्याने वाचल्या होत्या की तिला त्या पाठ होत्या. दिल्लीच्या नामांकित विद्यापीठातून एम.ए. झाल्याबद्दल करवंदीच्या पाड्याची कन्या कुमारी प्रमिला हिचे हार्दिक अभिनंदन. दोन वर्षांपूर्वी हा फ्लेक्स खोडाळ्याच्या नाक्यावर दीड महिना लटकत होता. वाऱ्याने एक कोपरा फाटला तेव्हा रघ्याने, म्हणजे पोरीच्या बापाने, तो उतरवून घरी आणला आणि घडी घालून आढ्याला खोचून ठेवला. दर सणाला त्याच्यावरची धूळ तो फडक्याने पुसायचा. या वर्षी सुकरीने तो सरळ खाली ओढला. गोणपाट अपुरं पडत होतं आणि फ्लेक्सला दुसरं काही काम नव्हतं.

पोरीच्या तोंडावर वाल ओतलेस होय, असं रघ्याने कुरकुरत विचारलं. दोन वर्षं नुसतं तोंड बघून झालं, आता निदान वाल तरी वाळू दे, असं सुकरीने सुनावलं. रघ्या गप्प बसला. सुकरीच्या तोंडाचा पट्टा सुटला की गप्प बसायचं, हे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. त्यात आता गप्प बसण्यासारखं त्याच्याकडे आणखी एक कारण होतं आणि ते कारण समोरच उभं होतं, गुलाबी रंगाचं, सिमेंटच्या भिंतींचं.

ते कोंडीचं घरकुल. खरं म्हणजे ते रघ्याचं. सहा वर्षं यादीत खालून वर सरकत सरकत त्याचं नाव चौथ्या नंबरावर आलं होतं. पोरगी दिल्लीहून पास होऊन आली त्याच महिन्यात ग्रामसभा होती. ग्रामसेवकाने यादी वाचायला घेतली आणि रघ्याचं नाव येताच रघ्या उठून उभा राहिला. माझं नाव काढा, म्हणाला. माझी पोर आता सायबीन झाली, ती बांधील मला घर, माझं घरकुल कोंडीला द्या. कोंडी विधवा, पावसाळ्यात घरात पाट वाहायचा. ग्रामसेवकाने दोनदा विचारलं. रघ्याने दोनदा होय म्हटलं आणि अंगठा उठवला. सभेने टाळ्या वाजवल्या. सुकरी त्या दिवशी तापाने घरात पडून होती, नाहीतर तिने नवऱ्याला बखोट धरून खाली बसवला असता.

दुसरीकडे माणसं यादीत नाव घुसवायला कुणाकुणाचे पाय धरतात. हा शहाणा यादीतून बाहेर पडला, तेही टाळ्या घेऊन. त्यात त्या एकट्याचीच चूक नव्हती. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनाच वाटत होतं की दिल्लीचा कागद आला म्हणजे नोकरी मागोमाग आलीच, बैलामागे गाडी यावी तशी. तेव्हापासून सुकरी रोज सकाळी कारवीच्या कुडाच्या फटीतून ते गुलाबी घर बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कोंडीवर तिचा राग नव्हता. बिचारी कोंडी पहिला भोपळा, पहिली काकडी हिच्या दारात ठेवून जायची आणि वर बघायची नाही.

प्रमिलाने दोन वर्षांत काय केलं नाही? पुन्हा दिल्लीला जाऊन सहा महिने दारं ठोठावली. एका ठिकाणी म्हणाले, अनुभव आणा. अनुभव कुठे मिळतो, तर आमच्याकडेच सहा महिने फुकट काम करा. दिल्लीत सहा महिने फुकट जगायला तिचा बाप काय नवाब होता? मुंबईच्या एका हापिसात कागद बघून तिथल्या बाई खूश झाल्या, आणि पुढच्याच दमात विचारलं की एवढ्या मोठ्या ठिकाणी प्रवेश कोट्यातून मिळाला असेल ना. विचारून हसल्या. ते हसणं प्रमिलाने घरी वर्षभर सांगितलं नाही. एकदा नागली पाखडता पाखडता बोलून गेली, तेव्हा सुकरीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. सरकारी भरती म्हणावी तर एक कोर्टात अडकलेली, दुसरीचा पेपर फुटला म्हणून परीक्षाच रद्द. पुण्याच्या एका साहेबाने तर कमालच केली. तो म्हणाला, तुम्ही इतक्या शिकलेल्या, आमच्याकडे कशाला येता? म्हणजे शिकली नसती तर दारातून हाकलली असती आणि शिकली म्हणून खुर्चीवर बसवून हाकलली. सुकरीला यातला फरक कळत नव्हता, आणि ज्याला कळत असेल त्याने तो येऊन तिला समजवावा असं तिचं म्हणणं होतं.

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पोरीकडे सगळा पाडा बघत होता, आणि सगळ्यांत बारीक नजरेने बघत होता जिव्या. हा रघ्याचा चुलत भाऊ. दर वर्षी दिवाळी झाली की बायकोला, म्हणजे कमूला, घेऊन भिवंडीकडे विटभट्टीवर जायचा आणि शिमग्याला चार दिवस घरी यायचा. यंदा कमूची कंबर गेली होती. त्यांची पोरगी हर्षाली बारावीला होती, आश्रमशाळेत पहिली येणारी. सुट्टीच्या दिवशी प्रमिला तिला दिल्लीच्या प्रवेशपरीक्षेसाठी शिकवायची. दोघी पडवीत बसून इंग्रजीत काहीबाही बोलायच्या, आणि आपल्या घरात काय चाललंय ते आपल्यालाच कळत नाही म्हणून सुकरी त्यांना शिव्या द्यायची. ऐकायला मात्र तिथेच जवळ भाजी निवडत बसायची.

दिवाळीनंतर भट्टीवर निघताना जिव्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "प्रमिलाला नोकरी लागली तं मी माझी पोर दिल्लीला धाडीन. नाय लागली तं शिमगा झाला का कमूच्या जागी भट्टीवर. एकीचं बगितलं. दुसरीला येडी करून घ्यायची मना हौस नाय."

जिव्या वाईट माणूस नव्हता, आणि हीच अडचण होती. वाईट असता तर सुकरीने त्याला केव्हाच सरळ केला असता. तो बोलत होता त्यात खोट काढायला जागाच नव्हती. त्या दिवसापासून प्रमिला स्वतःसाठी नोकरी शोधेनाशी झाली. ती हर्षालीसाठी शोधू लागली.

माघात जाहिरात आली. जव्हारला एका संस्थेचं नवीन कार्यालय झालं होतं. वावर-वांगणीकडच्या आणि खोडाळ्याच्या बाजूच्या पाड्यांवर लहान पोरांच्या खाण्यापिण्याचं काम करणारी संस्था. तालुका समन्वयक पाहिजे, शिक्षण एम.ए., स्थानिकांना प्राधान्य. प्रमिलाने ती जाहिरात तीनदा वाचून दाखवली. तिचा दिल्लीचा अभ्यासच मुळी कुपोषणाचा होता. सुकरीचं माहेर वावरचं. ज्या साली तिथली पोरं पटापट गेली त्या साली तिचा धाकटा भाऊही गेला होता, आणि तेव्हापासून वावरला कुणी ना कुणी मोजायला येतच होतं. पोरं मोजून झाली, घरं मोजून झाली, ताटातले घास मोजून झाले. आता मोजणाऱ्यांत आपली पोर असेल तर निदान मोजून झाल्यावर काहीतरी करील, असं सुकरीला वाटलं. मुलाखतीच्या दिवशी तिने नवं लुगडं नेसलं. मी येते, म्हणाली. कोण कसा नाही म्हणतो ते बघते.

जव्हारला एका बंगल्यात ते कार्यालय होतं. भिंतीवर हसत जेवणाऱ्या एका पोराचा मोठा फोटो. सुकरीला बाहेर व्हरांड्यात बसवलं. खिडकी उघडी होती. आत इंग्रजी सुरू झालं, आणि आपल्या पोरीचा आवाज त्या इंग्रजीत कुठेही अडखळत नाही हे ऐकून सुकरी ताठ बसली. बराच वेळ तसं चाललं. मग साहेब मराठीत आले. गोड माणूस. तुमच्यासारखी हुशार मुलगी आम्हाला हवीच आहे, म्हणाले, पण समन्वयकाची जागा आतल्या आत भरली गेली, ठाण्याचा एक मुलगा आहे, अनुभवी आहे, स्वतःची मोटारसायकल आहे. तुम्हाला आम्ही सखी म्हणून घेऊ. पाड्यावर जायचं, पोरांची वजनं करायची, बायकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं. फक्त एक बारीक अडचण आहे. सखीच्या जागेला दहावीच्या वर शिकलेलं चालत नाही. जास्त शिकलेल्या टिकत नाहीत म्हणून वरून तसा नियमच आहे. तेव्हा अर्जात शिक्षण दहावी पास एवढंच लिहा. बाकी आम्ही सांभाळून घेऊ.

सुकरी उठून उभी राहिली. आता आतून दार आपटून पोरगी बाहेर येणार, आणि मग आपण आत जायचं, असा तिचा हिशेब होता. पण आतून पोरीचा शांत आवाज आला. ती विचारत होती, नेमणुकीचं पत्र शिमग्याच्या आत मिळेल का?

मग खिडकीतून सुकरीने तिला लिहिताना बघितलं. प्रमिला शिक्षणाची ओळ भरायची तेव्हा किती वेळ लागायचा ते आईला माहीत होतं. शंभर अर्ज तिने आईसमोर भरले होते, आणि त्या ओळीवर पेन चालतच राहायचं. आज पेन टेकलं आणि लगेच उचललं गेलं. पोरगी पाच वर्षं उपाशीतापाशी परक्या मुलखात राहिली, थंडीत दोन दोन सदरे एकावर एक घालून शिकली, ते सगळं एका माणसाच्या सोयीसाठी तिने पुसून टाकलं होतं. आणि तो माणूस तिला चहा घेणार का असं विचारत होता.

परतीच्या एसटीत सुकरी मोखाड्यापर्यंत बोलत होती. साहेबाच्या सात पिढ्यांचा तिने उद्धार केला, ठाण्याच्या पोराचा केला, मग पोरीचाही केला. तुला लाज कशी नाही वाटली, बापाने घर सोडलं त्या कागदासाठी आणि तू तो कागद खाली घातलास, असं बरंच. प्रमिला खिडकीबाहेर बघत होती. मोखाडा मागे पडला तेव्हा ती वळली.

"आये, जिव्याकाका नोकरी लागली का एवढंच विचारणार. कितवीवर लागली ते नाही विचारणार. हर्षालीचा फॉर्म भरून होईपर्यंत तोंड मिटून राहा. मग काय बोलायचं ते बोल."

सुकरीने पदर तोंडावर घेतला आणि खोडाळा येईपर्यंत डोळे मिटून बसली. कंडक्टरला वाटलं बाईला गाडी लागली.

पत्र शिमग्याच्या आठ दिवस आधी आलं. रघ्याला एवढंच सांगितलं की नोकरी लागली. तो माणूस वेडा व्हायचा बाकी राहिला. तालुक्याची सायबीन झाली, असं तो खोडाळ्याच्या बाजारात ओळखीच्या अनोळखीच्या सगळ्यांना सांगत सुटला, आणि सुकरी त्याच्या मागे मुकी उभी राहायची. मुकं राहणं हे तिला जन्मात जमलेलं नव्हतं. त्या दिवसांत तिने दोन मडकी फोडली आणि विनाकारण एका कुत्र्याला लाकूड फेकून मारलं.

शिमग्याला भट्ट्यांवरची सगळी माणसं पाड्यावर आली. जिव्या आला. त्याने विचारलं, नोकरी लागली? प्रमिला म्हणाली, लागली. त्याने विचारलं, पक्की? तिने पत्र दाखवलं. जिव्याने ते उलटसुलट बघितलं, खालचा शिक्का बोटाने चाचपला आणि परत दिलं. कितवीवर लागली ते त्याने विचारलं नाही. हर्षाली आईच्या मागे उभी होती. ती हसली नाही, रडली नाही, फक्त आत जाऊन फॉर्मसाठी काढलेले फोटो घेऊन आली. फॉर्मची मुदत चार दिवसांवर आली होती. तो भरायला आधारचा नंबर लागत होता, आधार जिव्याच्या मोबाइलला जोडलेलं, आणि ओटीपी त्याच मोबाइलवर येणार. पाड्यावर रेंज नव्हती. वरच्या बाजूला एक मोठा खडक होता, तिथेच काय ती यायची. होळी होऊ दे, धुळवड होऊ दे, मग भरू, असं जिव्या म्हणाला. सुकरीला ते आत्ताच्या आत्ता व्हायला हवं होतं, पण सणासुदीला घाई कसली, असं जिव्याने विचारलं असतं तर ती काय सांगणार होती?

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी संस्थेने पाड्यावर बैठक ठेवली. माणसं घरी सापडतात ती शिमग्यालाच, हे प्रमिलानेच त्यांना सांगितलं होतं. तिला काय माहीत की ते पहिलीच बैठक तिच्याच पाड्यावर ठेवतील. ठाण्याचा समन्वयक मोटारसायकलवर आला, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात ओळखपत्र. वजनकाटा आणि रजिस्टरं मागच्या सीटवर बांधलेली. ती उतरवून घ्यायला त्याने प्रमिलाला बोटाने खुणावलं. सगळा पाडा आंब्याखाली जमला होता. त्याच आंब्याखाली, जिथे दोन वर्षांपूर्वी रघ्याने टाळ्या घेतल्या होत्या. रघ्या पुढेच बसला होता, धुतलेला सदरा घालून.

समन्वयकाने आधी संस्थेची ओळख करून दिली, मग स्वतःची, आणि मग रजिस्टरात बघत म्हणाला, "ही प्रमिला, तुमची सखी. तुमच्यातलीच आहे. शिक्षण दहावीच आहे, पण हुशार आहे, लवकर शिकेल."

एक पोर फिदकन हसलं, त्याला आईने चापटी मारली. रघ्या उठला. साहेब, तुमची चूक होतेय, दहावी नाही, माझी पोर दिल्लीची आहे, असं तो हात जोडून सांगू लागला. त्याचा आवाज इतका नम्र होता की सुकरीला ऐकवेना. समन्वयक हसला आणि त्याने रजिस्टर पुढे केलं. रघ्याला रजिस्टर काय वाचता येणार? तो घराकडे धावला आणि वालासकट फ्लेक्स ओढत घेऊन आला. वाटभर वाल सांडले. फ्लेक्सची दोन टोकं धरून तो समन्वयकासमोर उभा राहिला, आणि फ्लेक्सखाली फक्त त्याचे पाय दिसत होते.

समन्वयकाने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. त्याला आधी माहीत नव्हतं, असं त्याच्या तोंडावरून तरी वाटत नव्हतं.

"काका, कागदावर दहावी आहे. तिनेच लिहून दिलंय, खाली सही आहे तिची. आता हे खरं असेल तर तिने संस्थेला खोटी माहिती दिली, असं होतं. मग वेगळाच प्रश्न येतो."

जिव्याने वळून प्रमिलाकडे बघितलं. मग हर्षालीकडे. त्याचा हात बंडीच्या खिशातल्या मोबाइलवर गेला आणि तिथेच राहिला. सुकरीने ते बघितलं. महिनाभर तोंडात धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं, आणि आता ते अडवण्यात काही अर्थही उरला नव्हता.

"सायब, तुमी कितवी?" ती म्हणाली.

त्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने. तुमी कितवी शिकलात? समन्वयक म्हणाला की बारावी झालीय, पुढचं चालू आहे, पण इथे अनुभवाला महत्त्व असतं. सुकरी पुढे आली. जाहिरातीत एम.ए. लिहिलं होतं ते तिने सांगितलं. खिडकीतून ऐकलेलं अक्षर न् अक्षर सांगितलं. दहावी लिही असं कोण म्हणालं, सांभाळून घेऊ असं कोण म्हणालं, चहा कोणी विचारला, सगळं. माझी पोर खोटारडी नाही, म्हणाली. तुमच्या सायबानं तिच्या हातानं तिचंच नाक कापून घेतलं आणि आता तुमी विचारता नाक कुठं गेलं?

समन्वयक लाल झाला. पाड्यावरच्या माणसांना कळू नये म्हणून त्याने प्रमिलाकडे वळून इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मोडकं-तोडकं होतं, पण बोटाचा रोख सुकरीकडे होता, त्यामुळे अर्थ सगळ्यांना कळला. आईला गप्प बसव.

प्रमिलाने हातातला वजनकाटा खाली ठेवला. मग ती बोलली, तीही इंग्रजीतच. आवाज चढवला नाही. सावकाश, सरळ, एकामागून एक वाक्यं, जव्हारच्या बंगल्यात बोलली होती त्याहून लांब. समन्वयक एक-दोनदा मध्ये बोलायला गेला आणि शब्द न सापडून थांबला. ती थांबली तेव्हा तो मोटारसायकलच्या किल्लीशी चाळा करत होता. त्याला अर्धंही समजलं नव्हतं, हे आंब्यावरच्या कावळ्यालाही कळत होतं.

काय बोलली, काय बोलली, अशी कुजबुज झाली. लहान्या नावाच्या म्हाताऱ्याने मोठ्याने विचारलं, पोरी, आम्हाला पण सांग. प्रमिला पाठ फिरवून हाताने डोळे पुसू लागली. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून हर्षाली उभी राहिली.

"मी सांगते," ती म्हणाली. "प्रमिलाताय म्हणते, आमच्या पाड्यावरच्या पोरांची वजनं तुमच्यासारख्यांनी किती वरसं केली. एकदा तरी त्या पोराच्या आयसला सांगितलं का, तुझ्या पोराचं वजन किती? ती म्हणते, वजन कमी का भरतं ते मी पाच वरसं शिकले. आयस-बाहास भट्टीवर जातात तवा पोर कोणाकडं रातं, काय खातं, ते तुमच्या रजिस्टरात लिवायला जागाच नाय. ती म्हणते, मी खोटं लिवलं ते मना कबूल हाय. पन ते मी आता खोडते. आजपासून मी दहावी नाय. तुमचा काटा उचला."

शेवटचं वाक्य सांगताना हर्षालीने बोट मोटारसायकलकडे केलं होतं. ते प्रमिलाने केलं नव्हतं, ते पोरीचं स्वतःचं होतं.

समन्वयकाने काटा स्वतः बांधला. रजिस्टरं स्वतः बांधली. वर कळवतो, एवढं म्हणून तो गेला. उतारावर त्याची गाडी दिसेनाशी झाली तरी आंब्याखालचं कुणी हललं नाही, कारण आता जिव्या काय म्हणतो ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

"बोलली झ्याक," जिव्या शेवटी म्हणाला. "पन नोकरी गेली."

गेलीच होती. त्यात वाद घालायला जागा नव्हती. सुकरीने पदर खोचला. ही पोर भट्टीवर गेली तर मी तुझ्या दारात बसेन, असं काहीतरी ती बोलणारच होती, पण जिव्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तो स्वतःच्या पोरीकडे बघत होता, बाजारात आपलंच जनावर दुसऱ्याच्या दाव्याला दिसावं तसा.

"तुला ते सगळं समजलं?" त्याने विचारलं.

"समजलं."

"सगळं?"

हर्षालीने मान हलवली. जिव्या कमूकडे वळला. कमू कमरेवर हात ठेवून कशीबशी उभी होती.

"हिला भट्टीवर नेली तं पयल्याच दिशी मुकादमाला असंच कायतरी सांगंल," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात कौतुक नव्हतं, राग होता, आणि तो खराखुरा राग होता. "मग मना तिथं कोण ठेवंल? कामातनं गेली ही. घे." त्याने मोबाइल काढून पोरीच्या हातात दिला. "खडकावर रेंज येते. नंबर येल तो नीट बग."

हर्षाली पळत सुटली. प्रमिला तिच्या मागे, चप्पल हातात घेऊन. आंब्याखालची माणसं हळूहळू उठली. कोंडी खाली बसून रघ्याने वाटभर सांडलेले वाल एकेक करून वेचत होती. सुकरीला राग येत होता, आणि तो नेमका कुणाकुणावर हे मोजायला बोटं कमी पडत होती. आजवर ती एका पोरीच्या नोकरीची वाट बघत होती. पाच वर्षांनी दोघींच्या नोकरीची बघावी लागणार होती. आणि तेव्हाही कुठल्यातरी बंगल्यात कुणीतरी गोड बोलून चहा विचारणार होतं.

रघ्या फ्लेक्सची घडी घालत तिच्याजवळ येऊन उभा राहिला. पाच वर्षांनी हर्षालीचाही असाच लावू, म्हणाला, नाक्यावर, याच्याहून मोठा.

"लाव," सुकरी म्हणाली. "पन आज सांजच्याला जिव्याकडं जा. त्याचं नाव घरकुलाच्या यादीत हाय. त्याला सांग, पोर कितीबी शिकली तरी यादीतनं नाव काढू नको."